9437 मेगाहर्ट्झ, हाताने मोजलेले

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं छोटंसं युनिट आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळेत लागणारे मायक्रोवेव्ह बेंच आम्ही जुळवतो, जुने आले तर दुरुस्त करून देतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना तो बेंच आठवत असेल: एका टोकाला लहर तयार करणारा गन ऑसिलेटर, मग लहर मागे फिरू न देणारा आयसोलेटर, तिला चालू-बंद करणारा पिन मॉड्युलेटर, फ्रिक्वेन्सी मीटर, नळीतली लहर जागोजागी तपासणारी स्लॉटेड लाइन, शेवटी लहर टिपणारा डिटेक्टर, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या चौकोनी पितळी नळ्या. नळीचं आतलं माप 22.86 बाय 10.16 मिलिमीटर, हे व्हायव्हात हमखास विचारतात आणि पोरं तेवढंच पाठ करून येतात.

पावसाळ्याच्या तोंडावर एका कॉलेजचं काम आलं. त्यांच्याकडचे जुने फ्रिक्वेन्सी मीटर तपासायचे आणि डायलवर अमुक आकडा असताना खरी फ्रिक्वेन्सी किती असते, याचा तक्ता प्रत्येक मीटरसोबत द्यायचा. हा मीटर म्हणजे पितळेची पोकळ डबी. आतला दट्ट्या स्क्रूने खाली-वर होतो, तशी डबीची अनुनादाची फ्रिक्वेन्सी बदलते. ती नळीतल्या लहरीशी जुळली की डबी थोडी शक्ती खाते आणि डिटेक्टरला जोडलेल्या मीटरचा काटा पडतो. काटा सगळ्यात खाली असताना डायल वाचायचा. डबीचा क्यू, म्हणजे अनुनाद किती टोकदार आहे त्याचं माप, काही हजारांत असतो, त्यामुळे 9.4 गिगाहर्ट्झला ती घसरण दोन-तीन मेगाहर्ट्झ रुंद असते, आणि असा मीटर 0.1 टक्क्यात खरा निघाला तरी चांगला म्हणायचा. 0.1 टक्का म्हणजे नऊ मेगाहर्ट्झ. तेव्हा त्याला तपासायला आम्हाला एक मेगाहर्ट्झपेक्षा नेमका आकडा हातात हवा होता.

आणि आमच्या टेबलावरचा काउंटर जेमतेम 500 मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा.

काउंटरचं काम तसं साधं. आतल्या 10 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून तो बरोबर एक सेकंद मोजतो, तेवढा वेळ एक दार उघडं ठेवतो आणि त्या दारातून किती आवर्तनं आत गेली ते मोजतो. त्या दाराला गेट म्हणतात. एक सेकंदाचं गेट असेल तर एक हर्ट्झपर्यंत आकडा मिळतो, शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे. अडचण येते वेगाची. 9.4 गिगाहर्ट्झला एक आवर्तन 106 पिकोसेकंदांत संपतं, आणि आमच्या काउंटरमधल्या मोजणाऱ्या फ्लिप-फ्लॉप सर्किटला तेवढ्यात कूसही बदलता येत नाही. आधी भागून घेणारे प्रीस्केलर असतात, आता 10 गिगाहर्ट्झच्या पुढे भागणाऱ्या चिपाही मिळतात. पण 64 ने भागलं की एका सेकंदात एक हर्ट्झऐवजी 64 हर्ट्झची पायरी मिळते. आम्हाला तेवढंही पुष्कळ झालं असतं म्हणा. प्रश्न चिप मागवून, बोर्ड करून, त्याची खात्री पटेपर्यंत किती दिवस जातील हा होता.

मायक्रोवेव्ह काउंटर भाड्याने मिळतो का याची चौकशी चालू असताना मी मामांना फोन केला. माझे मामा दांडिया बाजारात राहतात. त्यांची सगळी नोकरी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रयोगशाळेत गेली. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली सुरू झालेलं ते कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात आलं, पण आमच्याकडे अजून कोणी त्याला फॅकल्टी म्हणत नाही.

"भाडं कशाला भरतेस?" मामा म्हणाले. "तुझ्याकडे पाचशेपर्यंतचा जनरेटर आहे ना? आणि डिटेक्टर माउंट? मग झालं की. मी येतो उद्या. येताना सेव-उसळ आणतो, तुमच्याकडे जीआयडीसीत काही धड मिळत नाही."

मामांनी आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती पिन मॉड्युलेटरचा वायर काढून ठेवला. कॉलेजात व्हीएसडब्ल्यूआर मीटर (उभ्या लहरींचं प्रमाण मोजणारा) चालावा म्हणून लहरीला 1 किलोहर्ट्झने चालू-बंद करतात. फ्रिक्वेन्सी मोजताना ते चालत नाही, लहर अखंड हवी. मग डिटेक्टर माउंट उघडून आतला डायोड बघितला. 1एन23, काडतुसासारखा दिसणारा जुना क्रिस्टल डायोड. "हा मिक्सर म्हणूनच जन्मला होता," म्हणाले, "कॉलेजांनी त्याला डिटेक्टर करून टाकला."

जोडणी अशी. नळीतून गनचा सिग्नल डायोडवर येतोच. माउंटच्या बीएनसी सॉकेटवर एक टी लावली. तिच्या एका तोंडाने सिग्नल जनरेटरचे 450 ते 500 मेगाहर्ट्झ चांगल्या ताकदीने आत सोडले, दुसऱ्या तोंडाला फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी सोडणारा लो-पास फिल्टर, छोटा अँप्लिफायर आणि मग 60 मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप. जनरेटरच्या आउटपुटमधून थोडा भाग आमच्या पाचशेच्या काउंटरला. डायोड सरळ रेषेत वागत नाही, त्यामुळे जनरेटरच्या फ्रिक्वेन्सीची दुप्पट, तिप्पट, अशी विसाव्या-पंचविसाव्या पटीपर्यंतची हार्मोनिक त्याच्यातच तयार होतात. वरच्या पटींना जोर फार कमी असतो, पण गनचे 10 मिलिवॉट समोर असल्यावर तेवढा पुरतो. एखादी पट गनच्या फ्रिक्वेन्सीच्या जवळ आली की दोघांमधला फरक, म्हणजे बीट, काही मेगाहर्ट्झचा होऊन फिल्टरमधून बाहेर येतो आणि स्कोपवर दिसतो.

मी जनरेटर हळूहळू वर न्यायला लागले. बराच वेळ स्कोपवर नुसती जाड सपाट रेघ. मग रेघेत काहीतरी वळवळायला लागलं, लाटा रुंद होत गेल्या, एका जागी जवळजवळ थांबल्या आणि पुन्हा दाट होत गेल्या. मी पुस्तकात झिरो बीट, म्हणजे फरक शून्य होण्याची जागा, वाचला होता आणि तिथे तो सरळ रेषेसारखा येतो. इथे मुळीच नाही. नुसता सोडलेला गन ऑसिलेटर इतका शांत नसतो. त्याची फ्रिक्वेन्सी सतत दहा-वीस किलोहर्ट्झने थरथरत असते, तापमानाने सरकते ते वेगळंच. मामा म्हणाले, मध्य घे. दोन्ही बाजूंना लाटा सारख्या दाट दिसतात ते दोन आकडे लिही आणि अर्धं कर.

पहिला मध्य आला 471.86 मेगाहर्ट्झला. पुढचा 496.69 ला.

आता यातून गनची फ्रिक्वेन्सी कशी काढायची? दोन्ही वेळा जनरेटरची कुठली तरी पूर्ण पट गनच्या फ्रिक्वेन्सीइतकी झाली. खालच्या आकड्याची पट एकने मोठी. म्हणजे वरच्या आकड्याची पट एन असेल, तर एन गुणिले 496.69 बरोबर (एन अधिक एक) गुणिले 471.86. उलटसुलट करून एन येतो 471.86 भागिले दोघांमधला फरक, 24.83. उत्तर 19.004. पट अपूर्णांकात असू शकत नाही, म्हणून 19. एकोणीस पट 496.69 म्हणजे 9437.1, वीस पट 471.86 म्हणजे 9437.2. दोन उत्तरं शंभर किलोहर्ट्झच्या आत जुळली.

हे मला फारच सोपं वाटलं आणि म्हणून संशय आला. दोन मापांच्या मधे गन सरकला असेल तर? मामांनी कागद पुढे केला: "तूच काढ, किती सरकला तर उत्तर बिघडेल." काढलं. पट 19 ऐवजी 18 किंवा 20 ठरायला भागाकार 18.5 च्या खाली किंवा 19.5 च्या वर जायला हवा, आणि त्यासाठी गनला मधल्या काळात सुमारे 12 मेगाहर्ट्झ सरकावं लागेल. बरोबर 24.83 चा अर्धा. तेवढा तो टेबलावर ठेवल्याठेवल्या सरकत नाही. म्हणजे मापात एवढी ढिलाई असूनही पट पक्की ठरते, आणि एकदा ती ठरली की मग अचूकता नुसती जनरेटरच्या आकड्यावर अवलंबून. जनरेटर मोजायला आमचा पाचशेचा काउंटर पुरेसा होताच. त्याच्या एका हर्ट्झच्या चुकीचे मात्र वर 19 हर्ट्झ होतात.

एक गोम मामांनीच दाखवली, नाहीतर मी त्यात अडकलेच असते. दोन मध्यांच्या मधोमध, 484 मेगाहर्ट्झच्या थोडं अलीकडे, स्कोपवर एक फिकट हालचाल दिसत होती. गनच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीशी जनरेटरची एकोणचाळिसावी पट तिथे जुळते. त्याला खरा शेजारी धरलं तर फरक 12 मेगाहर्ट्झचा येतो, पट दुप्पट निघते आणि गन जवळजवळ 19 गिगाहर्ट्झवर चालतो असं हसतखेळत सिद्ध होतं. गणित अगदी बिनचूक जुळतं, हे त्यातलं भयंकर.

त्यावरचा उतारा म्हणून आम्ही स्लॉटेड लाइन लावली. नळीच्या टोकाला पत्रा ठोकून लहर परत फिरवायची आणि लागोपाठच्या दोन शून्यांमधलं अंतर व्हर्निअरवर वाचायचं. आम्हाला ते 22.1 मिलिमीटर मिळालं. नळीतली तरंगलांबी याच्या दुप्पट, 44.2. नळीची कटऑफ तरंगलांबी तिच्या रुंदीच्या दुप्पट, 45.72 मिलिमीटर, म्हणजे 6.557 गिगाहर्ट्झ. 44.2 चीही तशीच फ्रिक्वेन्सी काढली, 6.783 गिगाहर्ट्झ; दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घेतलं की 9.43 गिगाहर्ट्झच्या आसपास येतं. व्हर्निअरवर 0.1 मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर यात वीसेक मेगाहर्ट्झची चूक होते, म्हणून एकटी स्लॉटेड लाइन आमच्या कामाची नाही. पण 496.69 ने भागून बघा: 18.99. अठरा किंवा वीस व्हायला इथे चूक अडीचशे मेगाहर्ट्झची लागेल. खरं तर एकच झिरो बीट आणि ही पट्टी, एवढ्यावरही काम भागतं. दुसरा बीट शोधायचीही गरज नव्हती.

मी विचारलं की मग फ्रिक्वेन्सी मीटरच्या डायलवरूनच अंदाज घेतला असता तर? तोच तर तपासायचाय, गोल गोल फिरणं नाही का हे? मामा म्हणाले, नाही. अंदाज फक्त पूर्णांक ठरवायला वापरायचा. पूर्णांक बरोबर आला की अंदाज फेकून द्यायचा, त्याची चूक उत्तरात उतरत नाही. हे मला पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मायक्रोवेव्ह काउंटर आत काय करतो, हे कोणी न सांगता समजलं होतं.

मामा दुपारी जरा आडवे झाले आणि मी तोवर गनचा मायक्रोमीटर फिरवून पाच-सहा ठिकाणी हाच खेळ केला. वेळखाऊ काम. प्रत्येक आकड्याला बीट शोधा, मध्य घ्या, लिहा, तपासा. कॉलेजाचे सगळे मीटर असे करायचे म्हणजे दिवाळी आली असती.

शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीतून एक वापरलेला 18 गिगाहर्ट्झचा काउंटर आला. जुना, जड, पाठीमागे पंखा गुरगुरणारा. तो लावायच्या आधी मी त्याच्या आत कोणती पद्धत आहे ते बघून घेतलं, कारण पद्धतीप्रमाणे त्याचे रुसवेफुगवे ठरतात.

ठोकळमानाने तीन पद्धती. पहिल्या प्रकारात काउंटर आपल्या क्रिस्टलवरून, समजा, 200 मेगाहर्ट्झ बनवतो आणि एका स्टेप रिकव्हरी डायोडमधून त्याच्या सगळ्या पटींची माळ काढतो: 200, 400, 600, असं वरपर्यंत. या माळेतली एकच रेषा निवडायला यिगची बारीक गोळी असते. यिग म्हणजे यट्रियम, लोखंड आणि ऑक्सिजन यांचा गार्नेट जातीचा स्फटिक. चुंबकात धरलेली ही गोळी दर टेस्लाला सुमारे 28 गिगाहर्ट्झवर अनुनाद देते, तेव्हा चुंबकाच्या गुंडाळीतला विद्युतप्रवाह वाढवत नेला की गोळी खालून वर एकेक रेषा पुढे पाठवत जाते. आमच्या 9437.2 ला ती 9400 वर थांबली तर मिक्सरमधून 37.2 मेगाहर्ट्झ उरतात. 9200 वर थांबली तर 237.2. उरलेलं साध्या काउंटरने मोजायचं आणि निवडलेली रेषा त्यात मिळवायची. इथे पट शोधावी लागत नाही, गोळी कुठे थांबली हे यंत्राला माहीतच असतं. सिग्नल थरथरणारा असला तरी हा प्रकार फारसा गडबडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे आम्ही हाताने केलं तेच, यंत्राने: आतला ऑसिलेटर असा फिरवायचा की त्याची एखादी पट येणाऱ्या सिग्नलला फेज लॉकने बांधली जाईल, मग ऑसिलेटर मोजून पटीने गुणायचं. एक हर्ट्झपर्यंत आकडा हवा तर गेटही तेवढ्या पट लांब उघडं ठेवावं लागतं. एकोणीस पट असेल तर एकोणीस सेकंद.

आमच्याकडे आलेला तिसऱ्या प्रकारचा, हार्मोनिक हेटरोडाइन. मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर ही पद्धत चालायला लागली. एचपी कंपनीचा 1978 चा 5342ए हा तिचा नावाजलेला नमुना, आणि त्याचं वर्णन वाचलं की बाकीचे कळतात. त्यात हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारा सिंथेसायझर 350 पासून 300 मेगाहर्ट्झकडे शंभर-शंभर किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरतो आणि त्याच्या दर आवर्तनाला एक अतिशय अरुंद पल्स सॅम्पलरचे डायोड क्षणभर उघडते. ट्यूबलाइटखाली भरधाव पंखा कधी कधी हळू फिरताना दिसतो, तसंच हे. सिंथेसायझर 347.6 मेगाहर्ट्झवर असेल तर दोन पल्समध्ये आमच्या लहरीची 27.15 आवर्तनं होतात. पूर्ण 27 कोणाला दिसत नाहीत, वरचा 0.15 चा तुकडा तेवढा दिसतो आणि तो 52 मेगाहर्ट्झची सावकाश लहर बनून बाहेर येतो. फरक 50 ते 100 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आला की उतरणं थांबतं.

आता पट 27 आहे हे यंत्राला कसं कळावं? सिंथेसायझरच्या जोडीला अर्ध्या मेगाहर्ट्झने खाली चालणारा दुसरा ऑसिलेटर असतो. त्याच्यावर स्विच केलं की 347.1 झाले, 27 पट 9371.7, उरतात 65.5 मेगाहर्ट्झ. मघाचे 52, आताचे 65.5, फरक 13.5. त्याला 0.5 ने भागा: 27. आणि दुसरा ऑसिलेटर खाली असताना फरक वाढला, म्हणजे आपली पट सिग्नलच्या खाली आहे, तेव्हा मिळवायचं. फरक घटला असता तर वजा. आमच्या कागदावरचंच गणित, फक्त शेजारच्या पटीपर्यंत जाण्याऐवजी अर्ध्या मेगाहर्ट्झचं पाऊल.

हे पाऊल बारीक आहे आणि तिथेच मला मामांचा कागद आठवला. आमच्या पद्धतीत पाऊल 24.83 चं, म्हणून गनला 12 मेगाहर्ट्झ सरकायची मुभा. इथे पाऊल 0.5 चं, मुभा पाव मेगाहर्ट्झ! दोन मापांच्या मधे गन 250 किलोहर्ट्झ सरकला की भागाकार 26.5 किंवा 27.5 ओलांडतो, पट एकने चुकते आणि डिस्प्लेवर एकदम साडेतीनशे मेगाहर्ट्झने भलताच आकडा येतो, तोही शेवटच्या हर्ट्झपर्यंत अंक दाखवत, मोठ्या दिमाखात. मुद्दाम एफएम केलेल्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी डोलवलेल्या, सिग्नलला तर पाव मेगाहर्ट्झ म्हणजे काहीच नाही. म्हणून यंत्र दोन ऑसिलेटरांमध्ये एकदाच स्विच करत नाही. पुन्हा पुन्हा करतं, दोन वेगळ्या मोजण्यांमध्ये बेरीज साठवतं, आणि स्विच करायची चाल ठरावीक लयीत न ठेवता यादृच्छिक वाटेल अशी ठेवतं. लय ठरावीक असती आणि सिग्नलची डोलण्याची लय तिच्याशी जुळली असती, तर एक मोजणी कायम वरच्या टोकावर आणि दुसरी कायम खालच्या टोकावर पडली असती. विस्कळीत चालीत दोन्हींच्या वाट्याला सारखंच डोलणं येतं आणि वजाबाकीत उडून जातं. या सगळ्या खटाटोपातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच. एकदा पट ठरली की दुसरा ऑसिलेटर गप्प बसतो, आणि गेट उघडून एकच फरक नीट मोजला जातो. एका सेकंदाच्या गेटला एक हर्ट्झ. पटीने वेळ लांबवावा लागत नाही, कारण सिंथेसायझर क्रिस्टललाच बांधलेला असतो.

काउंटर लावताना मधे शक्तीचा फक्त शंभरावा भाग बाजूला काढणारा 20 डीबीचा कपलर घेतला. 10 मिलिवॉट थेट सॅम्पलरवर सोडायचे नाहीत, हे शिकायला डायोड जाळायची गरज नसते, मागच्या पॅनलवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. मग मामांना पुन्हा बोलावलं. ते स्कोपवर मध्य शोधणार आणि त्याच क्षणी मी डिस्प्ले वाचणार, असं ठरलं. वेगवेगळ्या वेळी वाचून उपयोग नव्हता, गन तेवढ्यात निसटतो. मामांचे 9437.3 आले तेव्हा डिस्प्लेवर 9437.26 च्या आसपास नाच चालला होता. मामांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "यंत्र ठीक आहे म्हणायचं."

त्यानंतर क्रिस्टलची तपासणी उरली. गुणाकार, बेरीज, वजाबाकी सगळं बरोबर असूनही क्रिस्टल जितका खोटा तितकंच उत्तर खोटं, त्याच प्रमाणात. ओळखीच्या एका लॅबमध्ये जीपीएसला बांधलेला 10 मेगाहर्ट्झचा स्रोत आहे. आमच्या काउंटरचे 10 मेगाहर्ट्झ आणि त्यांचे, दोन्ही स्कोपच्या दोन चॅनेलवर घातले आणि लॅबच्या सिग्नलवर ट्रिगर केलं. आमची लाट सरकत होती. एक पूर्ण आवर्तन सरकायला सव्वा सेकंद. म्हणजे 0.8 हर्ट्झचा फरक, दहा कोटीत आठ भाग. जुन्या क्रिस्टलचं वय झालं की असं होतंच. 9437 मेगाहर्ट्झवर त्याचे साडेसातशे हर्ट्झ होतात. आमच्या कामाला हे पूर्ण दुर्लक्ष करण्याजोगं होतं, तरी क्रिस्टलला गरम ठेवणारा ओव्हन तासभर तापू देऊन फ्रिक्वेन्सी जुळवायचा ट्रिमर जरासा फिरवून आणला. तिथला तंत्रज्ञ हसला. एक मेगाहर्ट्झच्या कामात साडेसातशे हर्ट्झसाठी ट्रिमर घासणारी बाई त्याने पाहिली नसावी.

मीटर तपासायला बसलो तेव्हा नवाच प्रकार दिसला. काटा पडत असताना काउंटरचा आकडाही हलायचा. फ्रिक्वेन्सी मीटरची डबी अनुनादाला आली की ती थोडी लहर मागे फेकते, आणि ती गनपर्यंत पोहोचली तर गनची फ्रिक्वेन्सीच ओढली जाते. कॉलेजात हे कधी दिसत नाही, कारण तिथे दुसरं काही मोजायला नसतं. आयसोलेटर असूनही थोडं ओढलं जात होतं. दुसरा आयसोलेटर मागोमाग लावला तेव्हा आकडा स्थिरावला. काउंटरचा कपलर आम्ही मीटरच्या अलीकडे ठेवला आणि घसरणीच्या तळाशी असतानाच दोन्ही वाचले.

पावसाचाही हिशोब मामांनी घ्यायला लावला. डबीत हवा असते, आणि ओलसर हवेत लहर जराशी सावकाश चालते. वडोदऱ्यात जुलैमध्ये खिडकी उघडी ठेवून मोजलं आणि तेच एसी लावून कोरड्या खोलीत मोजलं, तर या फ्रिक्वेन्सीला अर्धा-पाऊण मेगाहर्ट्झचा फरक पडू शकतो. डायलवर तो दिसत नाही. काउंटरवर दिसतो, पण तिथे दिसणारा बदल डबीचा की गनचा हे वेगळं करणं कठीण. आम्ही खोलीचं तापमान आणि आर्द्रता तक्त्याच्या वर लिहिली आणि पुढे गेलो.

बहुतेक मीटर मधल्या भागात चार-पाच मेगाहर्ट्झच्या आत निघाले, 11 गिगाहर्ट्झच्या पुढे जास्त चुकले. एकाचा स्क्रू झिजलेला होता. वरून येताना एक आकडा, खालून येताना दुसरा. त्याच्या तक्त्यात "नेहमी एकाच बाजूने फिरवून वाचावा" असं लिहिलं.

तक्ते पाठवल्यावर कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. काउंटर हर्ट्झपर्यंत दाखवतो असं तुम्ही म्हणालात, मग तक्त्यात 9437 मेगाहर्ट्झ एवढंच का लिहिलंत, पुढचे अंक कुठे आहेत? मी त्यांना सांगितलं की आमच्या खोलीचं दार उघडून कोणी आत आलं, वारा लागला, तरी गन शंभर-दोनशे किलोहर्ट्झ सरकतो, आणि तुमच्या मीटरची घसरण दोन मेगाहर्ट्झ रुंद आहे. ते सहा अंक खरे आहेत, पण ते त्या सेकंदाच्या गनचे आहेत, तुमच्या मीटरचे नाहीत. त्या म्हणाल्या, मुलांना हेच दाखवता येईल का, बेंचवर, काउंटर न वापरता. जनरेटर त्यांच्याकडे आहे, स्कोपही आहे. टी आणि लो-पास फिल्टर आम्ही देऊ म्हटलं. 1एन23 मात्र जपून हाताळा, बोटाला चिकटलेल्या स्टॅटिकनेही तो जातो.